हात लागला, पुन्हा करणे

बाई : तीस, एकतीस, तेहतीस... मामा, बत्तीस नंबरची पट्टी या खोक्यात नाहीये.

मामा : नसणारच. तुम्ही पुढचे मोजा.

बाई : नसणारच म्हणजे? तिची आई तीन वाजता येतेय. फोनवर बिचारीने तीनच गोष्टी मागितल्या. ॲप्रन, प्रयोगवही आणि ती तांबं चढवलेली स्टीलची पट्टी. तिसरीच नाही म्हणून सांगू का तिला?

मामा : अहो, आहे माझ्याकडे. वेगळी काढून ठेवलीय. साठ पट्ट्यांच्या ढिगातून हुडकून द्यायची का आईच्या हातात, भंगारातून काढल्यासारखी?

बाई : तिला एक चिठ्ठी बांधलेली होती. माझ्या हातची.

मामा : लाल शाईची. माहीत आहे.

बाई : ती मला आधी काढून टाकायचीय. तिच्या आईने ते वाचायला नको.

मामा : काढली केव्हाच. तुम्ही सोमवारी म्हणालात ना, आई येणार आहे, तेव्हाच काढली.

बाई : बरं केलंत. पाच आठवडे झाले, ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. 'हात लागला, पुन्हा करणे.' आणि पाचपैकी दोन मार्क. त्या मुलीशी मी शेवटचं जे बोलले ते हे. तेसुद्धा तोंडाने नाही, लिहून.

मामा : तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं? मंगळवारी प्रयोग केला, बुधवारी ताप आला, शनिवारी सगळं संपलं. डॉक्टरांना कळलं नाही, ते तुम्हाला कळणार होतं होय?

बाई : आजसुद्धा हजेरी घेताना एकतीस म्हटलं आणि थांबले. रोज होतं असं. बत्तीस गाळून तेहतीस म्हणायला जीभच वळत नाही. मुलं माना खाली घालतात.

मामा : मग काय करता?

बाई : खडू शोधते. खडू हातातच असतो.

मामा : मला मधल्या सुट्टीत लॅबच्या दारावर टकटक झाली की वाटतं, आलीच. 'मामा, तांबं पाण्यातून पट्टीवर जातं, मग पाण्याचा निळा रंग कमी का होत नाही? मामा, बॅटरी उलटी जोडली तर पट्टीच विरघळेल का?' मी म्हणायचो, आली बघा आमची प्रश्नपत्रिका.

बाई : चिडायचात तुम्ही तिच्यावर.

मामा : चिडायचो तर! बावीस वर्षं मुलाम्याच्या कारखान्यात काढली मी, फोरमनने कधी इतकं छळलं नाही. पण सांगतो बाई, ऐकायची. बाकीची पोरं एका कानाने ऐकतात, दुसऱ्याने सोडून देतात. हिला मी एकदा सांगितलं, ताज्या तांब्याला उघडा हात लावायचा नाही, आज काही दिसत नाही, पण आठ दिवसांनी जिथे बोट लागलं तिथेच काळं पडतं. तर आठ दिवसांनी बरोबर हजर. 'मामा, मी मुद्दाम लावून ठेवलं होतं, हे बघा पडलं काळं.' घ्या! आपण कानीकपाळी ओरडायचं आणि हिने करून बघायचं.

बाई : करून बघा असं मीच सांगते त्यांना. धड्यात वाचू नका, करून बघा. आणि हिने पट्टीला हात लावला तर मी दोन मार्क दिले.

मामा : हात लागलेला माल तो. आमच्याकडे तर असला नग गिऱ्हाइकासमोर ठेवायची सोय नव्हती. डागाचा माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं उस्तादांनी. आजवर एक नग डागाचा गेला नाही माझ्या हातून. एक.

बाई : हो, ते साठाव्यांदा ऐकतेय.

मामा : मग एकसष्टाव्यांदा ऐका. आणि ती बरणी जरा इकडे सरकवा. उद्याच्या तुकडीसाठी मोरचूद भिजवायचाय.

आई : येऊ का आत? खाली शिपाई म्हणाले, जिना चढून डावीकडे.

बाई : या ना, या. मीच... मीच तिची वर्गशिक्षिका. रसायनाची पण.

आई : ओळखलं मी. चपला बाहेर काढू?

बाई : नको, इथे चपला घालूनच यायचं असतं. काचा असतात.

आई : हो, म्हणायची ती. हात मात्र धुऊन आलेय खाली नळावर. 'लॅबमध्ये तेलकट हाताने यायचं नाही' म्हणून घरभर सांगत सुटायची.

मामा : बसा ताई. ते स्टूल नको, त्याचा पाय डुगडुगतो. हे घ्या.

आई : तुम्ही मामा का?

मामा : हो. इथला साहाय्यक.

आई : वाटलंच. ती कुठे बसायची?

बाई : बसायची कुठे! उभीच असायची. इथे, या टाकीपाशी. बाकीच्यांना नीट दिसत नाही म्हणून रोज तक्रारी यायच्या.

आई : घरी पण तशीच. दाराच्या मधोमध उभी राहायची. जाता यायचं नाही आणि येता यायचं नाही.

बाई : हा तिचा ॲप्रन. मी धुतला नाहीये. म्हणजे, धुवावा की नाही मला कळेना.

आई : बरं केलंत. हा निळा डाग कसला?

बाई : मोरचुदाचा. ज्यातून तांबं चढवतो ना, ते पाणी. सांडलं होतं तिच्या अंगावर.

आई : मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत असते, बाई. चौदा वर्षं झाली. रक्त, आयोडीन, औषधं, सगळ्या जातीचे डाग काढते. हा अजून नव्हता पाहिला. निघतो का?

मामा : निघतो. आंबट काहीतरी चोळलं की निघतो.

आई : मग नाही चोळत.

बाई : ही तिची वही. शेवटचा प्रयोग अर्धाच लिहून झालाय. कृती लिहिलीय, निष्कर्ष राहिला.

आई : कृती मला पाठ आहे.

बाई : तुम्हाला?

आई : जेवायला बसलो की रोज तेच. ताटात दोन चमचे ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून आणायची. घड्याळ मागे पडायचं आमचं. 'आई, आधी पट्टी पॉलिश पेपरने घासायची. मग साबणाने, मग साध्या पाण्याने. पाणी पट्टीवर सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन थांबलं तर समजायचं, अजून तेलकट आहे.'

मामा : हे माझं वाक्य आहे! शब्दन् शब्द माझा.

आई : 'मामा म्हणतात' असंच म्हणायची. 'मामा म्हणतात, मुलामा चढवायला अर्धा तास, पण पट्टी स्वच्छ करायला अख्खा जन्म.' मग चिमट्याने धरायचं, हात लावायचा नाही. तांबं प्लसला, पट्टी मायनसला. उलटं जोडलं की घात. करंट हळू सोडायचा, घाई केली तर तांबं जळून काळी भुकटी होते. बरोबर ना?

बाई : माझ्या वर्गात निम्म्यांना हे इतकं नीट सांगता येणार नाही.

आई : मी तिला विचारलं, तांबं येतं कुठून? तर म्हणाली, 'प्लसला जे तांबं लावलंय ना, ते थोडं थोडं पाण्यात उतरतं आणि पट्टीवर जाऊन बसतं.' मी म्हटलं, म्हणजे एक झिजणार तेव्हा दुसरं चमकणार. तर म्हणते कशी, 'हो, तू आणि मी.' मी म्हटलं, गप जेव आता, फार शहाणपण नको.

मामा : अशीच बोलायची. फटकन.

आई : पाचपैकी पाच मिळाले म्हणून सांगत होती त्या प्रयोगाला. मंगळवारी आल्या आल्या सांगितलं.

बाई : ...हो.

आई : मिळाले ना?

बाई : हो. पाच. चांगला केला होता तिने.

आई : मग ती पट्टी द्या, बाई. मी जास्त वेळ नाही घेत तुमचा. चारला माझी पाळी सुरू होते. तो अंगठा एकदा बघते आणि निघते.

बाई : अंगठा?

आई : तिचा अंगठा. त्या पट्टीवरचा. त्याच्यासाठी तर आले. ॲप्रन आणि वही काय, पोस्टाने पाठवली असती तरी चाललं असतं.

बाई : म्हणजे तो चुकून नव्हता लागला?

आई : चुकून कसा लागेल? मुद्दाम उठवला होता. माझ्यासाठी.

बाई : मला समजलं नाही.

आई : माझे हात बघा. हा अंगठा बघा. आहेत का रेषा? सोडा आणि गरम पाणी, चौदा वर्षं. सगळ्या पुसून गेल्या. आमच्याकडे हजेरीला मशीन बसवलंय, अंगठ्याचं. सगळ्यांचा घेतं, माझा घेत नाही. मी दाबते, ते लाल दिवा लावतं. पुन्हा दाबते, पुन्हा लाल. मागे रांग लागते, माणसं कुरकुरतात. मुकादम म्हणतो, 'मशीनच्या हिशोबाने तुम्ही जगातच नाही.' मी घरी येऊन हसत हसत सांगितलं. पण तिला नाही हसू आलं. दोन दिवस तोच विचार. आणि मग सोमवारी रात्री म्हणाली, 'आई, थांब. मी तुला तांब्याचा अंगठा करून देते. माझा. मशीनवर ठेव, मशीनला काय कळतंय आई कोण आणि मुलगी कोण.'

बाई : अरे देवा.

आई : मी म्हटलं, असं होतं का कधी? म्हणाली, 'होतं. मामा म्हणतात, हात लागेल तिथे तांबं बसत नाही. मग मी नीट, अख्खा अंगठाच लावते.' मंगळवारी सकाळी मी तेल लावून वेणी घालून दिली तिची. तर अंगठा केसांवरून फिरवून बघत होती. म्हणे, तेल लागलं की रेषा छान उमटतात. आणि संध्याकाळी नाचतच आली. 'आई, सगळ्या रेषा आल्या! पट्टी शाळेत ठेवून घेतलीय, पुढच्या आठवड्यात मिळेल, मग बघ.' पुढच्या आठवड्यात...

बाई : पाणी देऊ का तुम्हाला?

आई : नको. मशीनवर काही मी ती ठेवणार नाही, मला तेवढं कळतं. पण तिने मला दिलेला आहे ना तो. तिचा अंगठा शाळेच्या कुठल्या कागदावर शाईचा असेलही. तो कागदासाठी दिलेला. हा मला दिलेला.

बाई : मामा, काढा ना पट्टी. मामा? असे काय उभे राहिलात?

मामा : ताई, तो... तो डाग तिने तुमच्यासाठी केला होता?

आई : डाग नाही हो. अंगठा.

बाई : मामा, कुठे ठेवलीय ती? कपाटात का?

मामा : काढतो. मी काढतो, बाई. तुम्ही नका हात लावू.

(मामा कपाटातून फडक्यात गुंडाळलेली पट्टी आणतात. फडकं उलगडतात. पट्टी चिमट्याने उचलतात, पण कोणाच्या हातात देत नाहीत.)

आई : किती चमकतेय. आरशासारखी. पण ही तिची नाही, मामा. तुम्ही दुसऱ्या कोणाची आणलीत.

मामा : तिचीच आहे.

आई : तिची कशी? हिच्यावर अंगठा कुठाय?

मामा : मागे बत्तीस कोरलंय बघा. तिच्याच हातचं आहे ते, दोनाचं शेपूट लांब काढायची ती.

आई : मग अंगठा कुठाय? पलटा जरा. या बाजूला नाही. बाई, चष्मा नाही आणला मी, तुम्हाला दिसतोय का?

बाई : नाही. मामा, काय केलंत तुम्ही?

मामा : घासली.

बाई : काय?

मामा : घासली, बाई. पार स्टील दिसेपर्यंत. आणि नवीन मुलामा चढवला. तीन दिवस, मधल्या सुट्टीत, अगदी हळू करंटवर. असा चढवला की बावीस वर्षांत असा चढवला नसेल. मला वाटलं, आई येणार, पोरीची वस्तू न्यायला येणार, तर डागाची कशी द्यायची तिला?

बाई : पण कोणी सांगितलं होतं तुम्हाला? कोणी सांगितलं हा शहाणपणा करायला? विचारायचं तरी एकदा! उठसूट आपलं ते कारखान्याचं पुराण! डागाचा माल, डागाचा माल! माल होता का तो?

मामा : चिठ्ठी होती.

बाई : कसली चिठ्ठी?

मामा : तुमची. 'हात लागला, पुन्हा करणे.' मी वाचलं. पोरीला काम सांगितलेलं, आणि करायला पोर नाही. कोणी करायचं मग ते? म्हटलं, आपण करू. तिचं काही राहिलं असं नको व्हायला. तिच्या नावावर अपुरं काही नको. मी तुम्हाला दोष देत नाही, बाई. मला अक्कल नाही, हेच खरं.

आई : कसली चिठ्ठी, बाई?

बाई : मी खोटं बोलले तुमच्याशी. तिला पाच नव्हते मिळाले. मी दोन दिले होते. मला वाटलं, निष्काळजीपणा आहे, हात लागलाय. तो इतका स्वच्छ उमटला होता, प्रत्येक रेष दिसत होती, आणि मी तिला साधं विचारलंसुद्धा नाही की हा एवढा नीट कसा उमटला. साठ पट्ट्या तपासायच्या होत्या. लाल पेनाने लिहिलं आणि पुढची घेतली. एक फोटो नाही काढला. नंतर तर खोकं उघडायचीच छाती झाली नाही माझी. मामांना कशाला बोलू मी? माझंच अक्षर आहे ते.

आई : पाच नव्हते मिळाले हे माहीत होतं मला.

बाई : माहीत होतं?

आई : खोटं बोलताना ती वेणीचं टोक चावायची. पाच मिळाले म्हणून सांगितलं तेव्हा चावत होती. मी काही बोलले नाही. मला बरं वाटावं म्हणून सांगितले होते तिने पाच. तुम्ही पण म्हणूनच सांगितलेत.

बाई : मला माफ करा असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

आई : मामा.

मामा : बोला, ताई. जे बोलायचं ते बोला. ऐकायलाच उभा आहे.

आई : घासायला किती वेळ लागला?

मामा : काय?

आई : तो अंगठा घासून काढायला किती वेळ लागला तुम्हाला?

मामा : दहा मिनिटं. दहासुद्धा नाही.

आई : मला पण तेवढीच लागली.

बाई : कशाला?

आई : हॉस्पिटलमधून तिचे कपडे दिले ना, पिशवीत घालून. ज्या कपड्यांत नेली होती तिला ते. निळा फ्रॉक आणि तिची ती चादर, जिच्याशिवाय झोपायची नाही. रविवारी सकाळी घरात माणसं बसलेली होती. मी उठले, पिशवी उघडली, कपडे भिजवले. साबण लावला, घासले, पिळले, दोरीवर टाकले. चिमटे लावले. फ्रॉकच्या खांद्यावर तेलाचा डाग होता वेणीचा, तो वेगळा चोळून काढला. कोणी अडवलं नाही. मी पण मला अडवलं नाही. हाताला सवय आहे, मामा, घाण दिसली की धुवायचं. आणि दोरीवर टाकून झाल्यावर वारा आला, चादर तोंडावर उडाली. नुसता साबणाचा वास. तेव्हा कळलं मी काय केलं ते.

मामा : ताई...

आई : तिचा वास होता त्यात. महिनाभर तरी टिकला असता. मी माझ्या हाताने धुतला. तुम्हाला मी काय बोलू?

मामा : रागवा हो. रागवा तरी माझ्यावर. हे असं नका बोलू.

आई : रागवायला आलंच आहे मला. खूप आलंय. पण कोणावर रागवू तेच सुचत नाही. तुम्ही काही वाईट मनाने नाही केलंत. मी काय वाईट मनाने धुतले होते?

बाई : आपण पुन्हा करू शकतो. म्हणजे, तिचा नाही होणार. पण तुमचा अंगठा... मी शिकवते, अर्ध्या तासात...

आई : माझा कशाला, बाई? मी इथेच आहे.

बाई : हो. खरं आहे. काहीतरीच बोलले मी.

आई : मामा, तुम्ही घासण्याआधी बघितला होता ना तो?

मामा : बघितला. भिंग लावून बघितला. जुनी खोड आहे. डाग काढण्याआधी तो कशाचा आहे ते बघायचं, तेलाचा की घामाचा की गंजाचा, त्याप्रमाणे पेपर घ्यायचा.

आई : मग सांगा मला. कसा होता? तुमच्याशिवाय तो नीट कोणी पाहिलाच नाही.

मामा : मी कसा सांगू? मला काय...

आई : डोळे मिटा आणि सांगा. घाई नको. चारला पाळी आहे, तर उशीर होऊ दे. मशीन नाहीतरी मला धरतच नाही.

मामा : डाव्या हाताचा होता.

आई : हो. डावखुरी होती.

मामा : पट्टीच्या खालच्या अंगाला. जरासा तिरका. मधोमध भोवरा होता, गोल नाही, लांबट. भोवऱ्याभोवती रेषा अगदी जवळ जवळ, आणि कडेला जाऊन विरळ झालेल्या. तांबं लालभडक, आणि रेषा पांढऱ्या, स्टीलच्या. मला आठवतंय, मी मनात म्हटलंसुद्धा, डाग आहे खरा, पण सुरेख आहे.

आई : अजून.

मामा : वरच्या बाजूला एक बारीक रेघ होती. आडवी. बाकीच्या रेषा तोडून गेलेली. मला आधी वाटलं पट्टीवरचाच ओरखडा आहे. भिंगातून पाहिलं तर नव्हता. अंगठ्यावरचाच व्रण होता कसला तरी.

आई : पत्र्याचा डबा. चार वर्षांची होती, झाकण ओढायला गेली. एवढंसं कापलं आणि एवढं मोठं रडली. मी तोंडात धरला होता तो अंगठा, गप्प होईपर्यंत. आडवीच होती ती रेघ. बरोबर पाहिलंत तुम्ही.

मामा : अजून जास्त नाही आठवत, ताई. आठवलं तर घरी येऊन सांगेन. शपथ घेऊन सांगतो, येईन.

आई : या. चहा ठेवेन. द्या आता ती पट्टी.

मामा : थांबा, वार्निशचा हात मारायचा राहिलाय. तसाच हात लागला तर आठ दिवसांत...

आई : काळं पडतं. माहीत आहे. बोट लागेल तिथेच. तिने दाखवलं होतं मला घरी. वार्निश नको.

बाई : मामा, द्या त्यांना. तो चिमटा ठेवा खाली.

आई : आणि मला बोट ठेवून दाखवा, कुठे होता तो.

मामा : उघड्या हाताने?

आई : मग कसं दाखवणार?

मामा : बावीस वर्षांत मी कधी... बरं. हे बघा. ही खालची कड. इथून दोन बोटं वर. असा, थोडा डावीकडे झुकलेला.

आई : (आपला अंगठा पट्टीवर टेकवत) इथे?

मामा : जरा वर. अजून थोडा. हं. तिथेच.